स्पीकरची परीक्षा आणि परीक्षकाचे कान

(द्वितीय वर्ष कला, मानसशास्त्र)

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ अशी आपल्याकडे म्हण आहे. स्पीकरच्या दुकानात ही म्हण उलटी होते. तेथे गिऱ्हाईक ऐकते स्वतःच्या कानांनी आणि करते मात्र दुकानदाराच्या मनासारखे. शिवाय निवड आपणच केली या समाधानात घरी जाते. असे का होते आणि ते टाळता येईल का, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय का घ्यावा, अशी शंका कोणी घेईल. त्याला दोन कारणे आहेत. पहिले घरगुती. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील बाजार समितीत हमाली करतात. तेव्हा फी आणि पुस्तके यांसाठी गेले दीड वर्ष मी रोज संध्याकाळी शहरातील एका स्पीकर-ॲम्प्लिफायरच्या दुकानात काम करतो. दुसरे कारण अभ्यासाचे. मानसशास्त्राच्या तासाला संवेदन, अवधान, पूर्वग्रह हे शब्द कानांवर पडू लागल्यापासून मला वाटू लागले की, दुकानात परीक्षा एकट्या स्पीकरची होत नसते. ऐकणाऱ्याचीही होत असते, आणि त्याला त्याचा पत्ता नसतो.

एक खूण पुढे

आमच्या दुकानात एका फळीवर स्पीकरच्या जोड्या ओळीने मांडलेल्या आहेत. सगळ्या एकाच ॲम्प्लिफायरला सिलेक्टरच्या पेटीतून जोडलेल्या. बटण दाबले की एक जोडी बंद होऊन दुसरी वाजू लागते. कामाला लागलो त्याच आठवड्यात मालकांनी मला धंद्यातील पहिला धडा दिला. “ज्या जोडीत आपल्याला चार पैसे सुटतात ती लावताना व्हॉल्यूम एक खूण पुढे घ्यायचा. जास्त नाही. गिऱ्हाइकाला ते कळू नये, पण जोडी आवडावी.” मी तसे करू लागलो. महिन्याभरात हात आपोआप वळू लागला.

गेल्या दिवाळीच्या आधी माझे चौथीचे गुरुजी दुकानात आले. मला शाळेतून काढून कामाला लावू नका, असे वडिलांना घरी येऊन सांगणारे हेच गुरुजी. जन्मभर त्यांनी शास्त्रीय संगीत रेडिओवर ऐकले. आता निवृत्तीच्या पैशातून बरे स्पीकर घ्यावेत, अशी त्यांची इच्छा होती. मी त्यांना दोन जोड्या ऐकवल्या, एक २२,००० रुपयांची आणि दुसरी ४१,००० रुपयांची. “तू आहेस ना इथे, मग मला काय बघायचंय?” असे म्हणून ते खुर्चीवर बसले. महाग जोडी लावताना माझा हात सवयीने एक खूण पुढे गेला. गुरुजींनी तीच घेतली.

जोडी पोहोचवायला टेम्पोबरोबर मीच गेलो. गुरुजींच्या बैठकीच्या खोलीत दोन कोपरे मोकळे होते, तेथे स्पीकर ठेवले. दुकानात भरीव वाटलेला आवाज तेथे नुसता घुमू लागला. तबल्याचा डग्गा सगळीकडे आणि गाणाऱ्याचा शब्द कोठेच नाही. “दुकानात ऐकला तो हा नव्हे रे,” गुरुजी म्हणाले. खोके उघडलेला माल परत घ्यायचा नाही, हा आमच्या दुकानाचा नियम. त्या एका वाक्यामुळे मी या विषयाच्या मागे लागलो.

मोठा तो गोड

आपल्या अभ्यासक्रमात वेबरचे नाव येते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील लाइपझिग येथे अर्न्स्ट वेबर याने लोकांना वजने उचलायला देऊन प्रयोग केले. हातातील वजनात किती भर पडली म्हणजे ती जाणवते, हे त्याने तपासले. ती भर ठरावीक नसून मूळ वजनाच्या प्रमाणात असते, असे त्याला आढळले. पुढे फेखनर याने १८६० साली याच पायावर मनोभौतिकीचा ग्रंथ रचला. आवाजाच्या बाबतीत ही जाणवणारी पायरी साधारणपणे एक डेसिबलच्या आसपास असते. त्याहून लहान फरक ‘मोठा’ म्हणून सहसा ओळखू येत नाही.

परंतु ओळखू येत नाही म्हणजे परिणाम करीत नाही, असे नव्हे. किंचित मोठा आवाज ऐकणाऱ्याला मोठा न वाटता ‘स्पष्ट’ वाटतो, ‘भरीव’ वाटतो, ‘जिवंत’ वाटतो. परिमाणातला फरक त्याला गुणातला फरक भासतो. मालकांची एक खूण नेमकी येथे काम करते.

याला शरीररचनेचाही आधार आहे. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी केलेल्या मापनांचे निष्कर्ष १९३३ साली प्रसिद्ध झाले. आपला कान सर्व स्वरांना सारखाच जागा नसतो, हे त्यांनी आलेखांनी दाखवले. आवाज लहान असताना खर्जातले स्वर आपल्याला फार कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की ते मधल्या स्वरांपेक्षा भराभर वर येतात. म्हणजे तोच स्पीकर किंचित मोठा लावला, तर त्यात खर्ज अधिक आहे असे वाटते.

येथे कोणी लबाडी केली नाही तरी अन्याय होतोच, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. प्रत्येक स्पीकरची संवेदनक्षमता निराळी असते. एक वॉट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर एक स्पीकर ९० डेसिबल आवाज देतो, तर दुसरा ८६. हा ४ डेसिबलचा फरक भरून काढायला दुसऱ्याला सुमारे अडीच पट शक्ती लागते. व्हॉल्यूमचे बटण जागच्या जागी ठेवून नुसता सिलेक्टर दाबला, तर पहिला स्पीकर काही न करता जिंकतो. बटण एकाच जागी ठेवणे म्हणजे समान वागणूक, असे वाटते खरे. पण दोन्ही स्पीकरना सारखा आवाज मिळणे ही खरी समान वागणूक. त्यासाठी बटण हलवावेच लागते.

म्हणून पहिली गोष्ट आवाज जुळवण्याची. सर्व स्वरपट्ट्यांत शक्ती सारखी वाटलेला एक प्रकारचा गोंगाट असतो, त्याला ‘पिंक नॉइझ’ म्हणतात. तो लावावा आणि गिऱ्हाईक जेथे बसणार तेथे, त्याच्या कानाच्या उंचीवर, आवाज मोजण्याचे यंत्र धरावे. आता मोबाइलवरही असे मोजणारी ॲप मिळतात. त्यांचा आकडा अगदी बिनचूक नसला, तरी एकाच मोबाइलने एकाच जागी दोन स्पीकरची तुलना करायला तो उपयोगी पडतो. फरक अर्ध्या डेसिबलच्या आत आणावा आणि प्रत्येक जोडीसाठी बटणाची खूण कागदावर लिहून ठेवावी. दोन स्पीकरचा स्वभावच वेगळा असल्याने सर्व स्वरांत आवाज तंतोतंत जुळणे शक्य नसते. मधल्या पट्टीत, म्हणजे माणसाचा गळा जेथे फिरतो तेथे, जुळला म्हणजे पुरे.

आसनक्रमांकाचे तत्त्व

आवाज जुळला तरी डोळे उरतातच. थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० साली दाखवले होते की, लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांना गुण देताना एका गुणाचे तेज दुसऱ्या गुणांवर पाडतात. रुबाबदार दिसणारा शिपाई त्यांना हुशारही वाटतो आणि विश्वासूही. यालाच आपण वलय-परिणाम म्हणतो. चकचकीत लाकडी पेटी, मोठा आकार, नावाची पितळी पट्टी आणि किमतीची चिठ्ठी यांचे असेच वलय स्पीकरभोवती असते.

कॅनडातील राष्ट्रीय संशोधन संस्थेत अनेक वर्षे हे काम केलेले फ्लॉइड टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी अमेरिकेतील हार्मन कंपनीत असताना केलेला एक प्रयोग १९९४ साली मांडला. स्पीकर चार आणि ऐकणारे ४० जण, तेही याच कंपनीचे कर्मचारी. तेच स्पीकर त्यांनी एकदा पडद्याआडून ऐकले आणि एकदा उघड्या डोळ्यांनी पाहत ऐकले. उघड्यावर मोठ्या व देखण्या स्पीकरचे गुण वाढले आणि लहान, स्वस्त दिसणाऱ्याचे घटले. त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढे आहे. स्पीकरची खोलीतील जागा बदलली किंवा गाणे बदलले, की पडद्याआड ऐकणाऱ्यांच्या मतात फरक पडत असे; डोळ्यांनी पाहणाऱ्यांच्या मतावर या बदलांचा परिणाम पुष्कळ कमी झाला. म्हणजे डोळे उघडले की कान अर्धवट मिटतात. आणि ही माणसे ध्वनीच्या धंद्यातल्या कंपनीतलीच होती.

आपल्यापैकी प्रत्येकाला या तत्त्वाचा अनुभव आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर आपण नाव लिहीत नाही, आसनक्रमांक लिहितो. तपासणाऱ्याला लिहिणाऱ्याचे आडनाव, गाव, बापाचा धंदा यांतले काही कळू नये, म्हणून ही योजना. माझ्यासारख्याला तिचे मोल थोडे अधिक कळते. मग जो न्याय आपण स्वतःसाठी मागतो, तो दोन लाकडी पेट्यांना द्यायला काय हरकत आहे? दुकानात त्यासाठी फार काही लागत नाही. एक पातळ चादर स्पीकरसमोर टांगावी, किंवा ऐकणाऱ्याने सरळ डोळे मिटून बसावे. जोड्यांना किंमत व नाव न देता ‘क’ आणि ‘ख’ म्हणावे.

येथे बर्लिनच्या हुशार घोड्याची गोष्ट आठवते. विसाव्या शतकाच्या आरंभी हान्स नावाचा एक घोडा खूर आपटून गणिताची उत्तरे देत असे. १९०७ साली ऑस्कर फुंगस्ट याने केलेल्या तपासणीत उलगडा झाला की, घोड्याला गणित येत नव्हते. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असे आणि बरोबर आकड्याशी त्याच्या शरीरात होणारी नकळत हालचाल घोडा हेरत असे. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसले की घोडाही चुकत असे. स्पीकर विकणारा मुलगा तसाच असतो. महाग जोडी लावताना त्याची मान डोलते, त्याचा स्वर बदलतो. म्हणून बटण दाबणाऱ्यालाही आता कोणती जोडी वाजते आहे हे माहीत नसेल, तर उत्तम. ते शक्य नसेल, तर त्याने गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभे राहून गप्प बसावे.

मात्र नुसता अंधार केला की न्याय झाला, असेही समजू नये. एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून पुढे दहा वर्षे अमेरिकेत जाहीर कार्यक्रम केले. गायिका व्यासपीठावर उभी राहून ध्वनिमुद्रिकेबरोबर गात असे आणि मध्येच थांबत असे. कधी दिवे मालवले जात. खरा गळा कोणता आणि यंत्र कोणते, हे श्रोत्यांना सांगता येत नसे, असा गाजावाजा झाला. त्यांतील ॲना केस या गायिकेने पुढे सांगितले की, ती आपला आवाज यंत्राला जुळेल असा लावीत असे. अंधार होता, पण दोन्ही बाजू एकाच मालकाच्या होत्या.

कोपऱ्याचे पाप

गुरुजींच्या घरी जे झाले त्याचे कारण आता सांगतो. खर्जातले स्वर स्पीकरमधून सर्व दिशांना पसरतात. मागे भिंत असेल तर ते तिच्यावर आपटून परत येतात आणि खर्ज वाढतो; कोपऱ्यात दोन भिंती आणि खाली जमीन असल्याने तो आणखी वाढतो. शिवाय खोलीच्या लांबी-रुंदीनुसार काही स्वर फुगतात, काही दबतात. साधारण दोनतीनशे हर्ट्‌झच्या खाली आपण जे ऐकतो ते स्पीकरइतकेच खोलीचेही असते. आमच्या दुकानात फळी भिंतीपासून दूर, शिवाय आजूबाजूला खोकी रचलेली. गुरुजींच्या खोलीत फरशी, उघड्या भिंती आणि कोपरा. स्पीकर तोच, पण सोबत बदलली.

यावरून दोन नियम निघतात. दुकानात तुलना करताना दोन्ही स्पीकर आळीपाळीने एकाच जागी ठेवून ऐकावेत. निदान भिंतीपासून सारख्या अंतरावर आणि सारख्या उंचीवर असावेत. हार्मनच्या प्रयोगशाळेत तर पडद्यामागे स्पीकर सरकवून काही सेकंदांत दुसरा त्याच जागी आणणारे यंत्रच बसवले आहे. आमच्याकडे यंत्राचे काम हमालाच्या पोराने करावे! दुसरा नियम असा की, दुकानातील निकाल हा दुकानापुरता निकाल आहे. शक्य असेल तर दोन दिवस घरी नेऊन ऐकण्याची मुभा मागावी.

काय ऐकावे, किती वेळ ऐकावे

दुकानदार जे गाणे लावील ते ऐकू नये. आपल्याला पाठ असलेले गाणे आपण घेऊन जावे. तंबोरा उत्तम, कारण त्याचा नाद अखंड असतो आणि खर्जापासून वरच्या स्वरांपर्यंत भरलेला असतो. स्पीकर कोठे काही लपवतो किंवा फुगवतो ते त्यात पटकन कळते. डग्ग्यावरची मींड ऐकावी. ती सरळ उतरते की एखाद्या जागी उगाच मोठी होते, ते पाहावे. एक पुरुषाचा आणि एक स्त्रीचा गळा ऐकावा. आणि साधे बोलणेही ऐकावे. इंग्लंडच्या बीबीसीतील अभियंते स्पीकर पारखताना माणसाच्या बोलण्याचा मुद्दाम उपयोग करीत. माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकतो. तो नाकातून किंवा डब्यातून आल्यासारखा वाटला, तर कान लगेच कुरकुर करतो.

टूल यांच्या कामातून आणखी एक उपयुक्त गोष्ट कळते. दोन स्पीकर एकदम वाजवण्यापेक्षा प्रत्येक जोडीतला एकेकच वाजवला, तर दोष अधिक स्पष्ट ऐकू येतात. दोन वाजू लागले की गाण्याचा विस्तार आपल्याला भुलवतो. ॲम्प्लिफायरवरील खर्ज वाढवण्याची बटणे बंद ठेवावीत, हे तर उघडच आहे.

कानाची बारीक आठवण फार थोडा वेळ टिकते, काही सेकंदच. म्हणून एक जोडी ऐकून, चहा पिऊन मग दुसरी ऐकणे व्यर्थ. तोच तुकडा दहापंधरा सेकंद ‘क’वर, लगेच ‘ख’वर, असे ऐकावे. मात्र शेवटी निवडलेल्या जोडीवर अर्धा तास शांतपणे गाणे ऐकावे. चटकन चमकदार वाटलेला आवाज पुष्कळदा अर्ध्या तासाने डोके दुखवतो.

योगायोग किती?

एकदा आवडले म्हणजे ठरले, असे नाही. नाणे उडवले तरी निम्म्या वेळा छापा पडतोच. क्रम बदलून पाच वेळा ऐकले आणि पाचही वेळा एकच ठरावीक जोडी आवडली, तर ते निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता ३२ मध्ये १ असते. दहापैकी नऊ किंवा दहा वेळा ती निवडली गेली, तर ती शक्यता साधारण शंभरात एक. दहापैकी सहा वेळा असेल, तर त्यावर एकोणीस हजार रुपये जास्त मोजण्याआधी विचार करावा.

हे दहापैकी सहाचे उदाहरण मी हवेतून घेतलेले नाही. एका दुपारी दुकान रिकामे असताना मी मालकांना भिंतीकडे तोंड करून बसण्याची विनंती केली. “या दोन जोड्यांत आकाशपाताळाचा फरक आहे, मला काय विचारतोस?” असे म्हणत ते बसले. आवाज जुळवून, नाणे उडवून क्रम ठरवत मी दहा वेळा ऐकवले. सहा वेळा त्यांनी महाग जोडी पसंत केली, चार वेळा स्वस्त. मालक थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पुन्हा लाव.” एका माणसाच्या एका दुपारवरून सिद्धान्त निघत नाही, याची मला जाणीव आहे. परंतु त्या दिवसापासून, जे गिऱ्हाईक मागेल त्याला आवाज जुळवून ऐकवायला मला परवानगी मिळाली आहे. न मागणाऱ्याचे काय, हा प्रश्न अजून आमच्यात मिटलेला नाही.

समारोप

संक्रांतीला मी गुरुजींकडे गेलो आणि बटणाची गोष्ट त्यांना सांगितली. ते रागावले नाहीत. म्हणाले, “हातचा विसरणारी पोरं मी पुष्कळ बघितली. तू न सांगता एक हातचा जास्त धरलास.” मग आम्ही दोघांनी स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोन हात पुढे, स्टुलांवर घेतले आणि जमिनीवर सतरंजी अंथरली. घुमणे पुष्कळ कमी झाले. शब्द कळू लागले. “बरे वाजतात,” गुरुजी म्हणाले.

कदाचित ती जोडी खरोखरच चांगली असेल. न्यायाने ऐकवली असती, तरी गुरुजींनी तीच घेतली असती. कदाचित २२,००० रुपयांची जोडी त्यांना तितकीच आवडली असती आणि उरलेले पैसे त्यांच्या कामी आले असते. यांतले कोणते खरे, हे आता कळण्याचा मार्ग नाही. अन्यायाच्या परीक्षेचा मोठा तोटा मला हाच वाटतो. तिचा निकाल दर वेळी चुकीचाच असतो असे नाही. पण तो बरोबर होता की चूक, हे पुढे कोणालाही सांगता येत नाही.

वाचकांपैकी कोणी स्पीकर घ्यायला गेलेच, तर एवढे करावे. आपले गाणे बरोबर न्यावे. आवाज जुळवून मागावा. जागा सारखी करून घ्यावी. डोळे मिटावेत. पुन्हा पुन्हा ऐकावे. आणि बटणावर ज्याचा हात आहे त्याच्याकडे, तो ओळखीचा असला तरी, एकदा जरूर लक्ष द्यावे.